कीचेनचं जनावर लटकण्यासाठी विणायचं असतं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाचीच्या दप्तराला लावायला क्रोशानं हत्तीचं पिल्लू विणलंत. पंधरा दिवसांत वरची कडी टाक्यासकट उपटून आली, मान लुळी पडली आणि पोटातून पांढरा कापूस डोकावायला लागला. दोष लोकरीचा की हाताचा, असं तुम्ही विचारताय. हाताचा नक्कीच नाही, फोटोतले टाके छान एकसारखे आहेत. तुम्ही खेळणं विणलंत आणि मग ते टांगलंत, तिथे गडबड झाली. कपाटात बसणारं जनावर आणि दिवसभर हिसके खाणारं जनावर यांची वीण पहिल्या टाक्यापासून वेगळी हवी.

मी स्वतः हे एक उंदीर हरवून शिकले. स्कूटरच्या किल्लीला लावला होता. बडोद्यात मांडवीहून दांडिया बाजारात घरी आले, तर हातात किल्ली आणि रिकामी कडी. लेकानं त्या उंदराचं नाव ठेवलं होतं, म्हणून फार लागलं. त्यानंतर मी प्रत्येक कीचेन हातात धरून जोरात ओढून बघते, मगच कुणाला देते.

आधी दोऱ्याचं सांगते. लोकर नको, ॲक्रिलिकही नको. किल्ल्यांशी घासून दोन्हींवर महिनाभरात बारीक गोळे येतात. चार पदरी सुती दोरा घ्या आणि वेष्टनावर जी सुई सांगितली असेल तिच्याहून एक-दोन नंबर बारीक वापरा. मी २ मिलिमीटरची वापरते. बोटं दुखतात, पण वीण इतकी घट्ट होते की उजेडासमोर धरली तरी आरपार दिसत नाही. तुमचा कापूस बाहेर दिसतोय तो सैल विणीमुळेच. गडद रंग असेल तर आधी ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून बघा. लाल आणि मरून फार रंग सोडतात.

मंगळ बाजारात सुई मागताना गुजरातीत ‘अंकोडी’ म्हणा, क्रोशाच्या कामाला इथे अंकोडीचं गूंथणच म्हणतात. नेटवरचा नमुना बघून विणणार असाल तर तो अमेरिकन की ब्रिटिश हे आधी पाहा. आपला मुका खांब, म्हणजे क्रोशाचा साधा आखूड टाका, अमेरिकन नमुन्यात सिंगल क्रोशे असतो आणि तोच ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे. हे न कळल्यामुळे कितीतरी जणींची जनावरं जाळीदार झालेली मी पाहिली आहेत.

मुका खांब घालताना एक छोटा बदल करा. टाक्यातून सुई घातल्यावर दोरा सुईवर गुंडाळून न घेता सुईचं टोक दोऱ्याच्या वरून नेऊन त्याला पकडा आणि ओढा. टाका फुलीसारखा दिसतो आणि जास्त घट्ट बसतो. टाके कमी करताना दोन टाक्यांचे फक्त पुढचे धागे एकत्र घ्या, म्हणजे तिथे भोक राहत नाही.

भरायला कापूस वापरू नका. भिजला की गोळा होतो, आणि आपल्या बडोद्याच्या पावसाळ्यात आतून लवकर वाळतही नाही. उशीत घालतात तो फायबर घ्या, बोटांनी पिंजून चिमटी-चिमटीनं भरा.

आता मानेकडे येते. डोकं वेगळं, धड वेगळं आणि मग दोन्ही शिवायचं, ही पद्धत कीचेनला चालत नाही. सगळा ताण त्या शिवणीवर येतो. म्हणून मी नाकापासून शेपटीपर्यंत सलग विणता येईल असंच जनावर निवडते. बडोदेकरांना त्यासाठी मगरीपेक्षा चांगलं काय मिळणार? विश्वामित्रीत त्या आहेतच, आणि पाऊस वाढला की कधी कुणाच्या अंगणातही येतात. भाचीला नक्की आवडेल.

रंग मात्र पोपटी घेऊ नका. आपली मगर मळकट हिरवी-तपकिरी असते आणि तिचं तोंड रुंद असतं. निमुळत्या टोकानं सुरुवात केलीत तर ती घडियाल दिसेल. म्हणून जादुई गोलात, म्हणजे दोऱ्याच्या ओढून मिटवता येणाऱ्या फासात, ६ ऐवजी ८ मुके खांब घाला. दुसऱ्या फेरीत एकाआड एक टाका वाढवून १२ करा आणि त्यावर तीन फेऱ्या तशाच विणा. मग पुन्हा एकाआड एक वाढवून १८. त्यावर आठ फेऱ्या सरळ, हे धड. नंतर एक टाका साधा आणि पुढचे दोन एकत्र, असं करत १२ वर या आणि तीन फेऱ्या विणा. इथे थांबून तोंड आणि धड भरून घ्या, पुढे बोट आत जाणार नाही. तोंडात अगदी थोडंच भरा आणि ते बोटांनी चपटं करा. मग दोन साधे, दोन एकत्र, म्हणजे ९ होतील. चार फेऱ्यांनंतर एक साधा, दोन एकत्र करून ६, आणि त्यावर पुन्हा चार फेऱ्या. एकूण २८ फेऱ्या होतात आणि मगर साधारण आठ सेंटीमीटरची होते. फेरी संपली की जोडू नका, गोल गोल चालत राहा. फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवलात की मोजणी चुकत नाही.

पाय वेगळे करून शिवू नका. धडाच्याच टाक्यात दोरा जोडा, चार साखळ्या घाला, त्यावरून तीन मुके खांब घालत परत या आणि टोकं आत ओवून टाका. असे पाय हिसक्यानं निघत नाहीत. डोळे काळ्या दोऱ्याच्या फ्रेंच नॉटचे, म्हणजे सुईवर दोरा गुंडाळून घातलेल्या गाठीचे करा. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर प्लास्टिकचे डोळे मुळीच लावू नका.

आणि कडी. तुमची कडी वरच्या एकाच टाक्यात अडकवली होती, तो टाका बिचारा किती सोसणार? धड भरण्याआधी शर्टाचं लहान चपटं बटण घ्या. त्याच्या दोन भोकांतून तोच सुती दोरा दुहेरी ओवा आणि दोन्ही टोकं आतून पाठीच्या दोन शेजारच्या टाक्यांतून बाहेर काढा. आता ओढलंत तर बटण आतून विणीला टेकतं आणि ताण आठ-दहा टाक्यांवर पसरतो. टोकं कुठून काढायची हे ठरवण्यासाठी आधी पोकळ मगरीत थोडा फायबर कोंबून पाठीला सेफ्टी पिन लावा आणि टांगून बघा. नाक खाली झुकलं तर पिन तोंडाकडे सरकवा.

दोरा थेट धातूला बांधू नका. बाहेर आलेल्या टोकांची दहा-बारा साखळ्यांची दोरी विणा, ती कडीतून नेऊन परत पाठीत शिरवा आणि आत गाठ मारा. कडी दोन वेढ्यांची घ्या. एकेरी कडीच्या फटीतून दोरा निसटतो आणि तिची कापलेली धार तो हळूहळू झिजवते. एकेरीच मिळाली तर पकडीनं फाकवू नका, दोन टोकं पुढे-मागे वळवून उघडा आणि तशीच मिटा, म्हणजे फट राहणार नाही.

तुमचं पिल्लू टाकून देऊ नका. मानेची शिवण उसवा, कापूस काढा, फायबर भरा आणि मान परत शिवा. मग धडाच्या तळातून दुहेरी दोरा वर डोक्यापर्यंत न्या, खाली एक बटण ठेवून दोन फेऱ्या मारा आणि त्याच दोऱ्याची कडी वर काढा. वजन मानेऐवजी तळावर जाईल. जिथे भरण दिसतंय तिथे त्याच रंगाच्या दोऱ्यानं वरून रफू करा. पोटावर असल्यामुळे कुणाच्या नजरेत येणार नाही. झालं की एकदा जोरात ओढून बघा आणि मगच भाचीच्या दप्तराला लावा.