वीज गेली की सम्पचं पाणी घरात?

प्रश्न: माझी माशांची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आहे. खाली सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी; वरचं पाणी त्यात उतरतं, पंप ते परत वर चढवतो) बसवायचाय, पण पावसात इथे वीज सारखी जाते. पाणी बाहेर वाहील का? सम्प केवढा घेऊ? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: भीती रास्त आहे, आणि सम्पचं माप तिथूनच ठरवायचं. पंप थांबला की वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या (वरच्या टाकीतून पाणी खाली सोडणाऱ्या वाटेच्या) काठापर्यंत उतरतं. परतीच्या, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणाऱ्या, पाइपचं तोंड पाण्यात खोल असेल तर तोही सायफन होऊन पंपाशिवायच टाकीतलं पाणी उलटं खाली ओढतो. तुमच्या टाकीतलं नुसतं दोन इंच पाणी म्हणजे २८ लिटर! तेवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी हवी. म्हणून शंभर लिटरच्या आसपासचा घ्या. टाकीखालच्या स्टँडच्या दारातून आत जातो का, ते आधी मोजा.

परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली जेमतेम अर्ध्या इंचावर बारीक भोक पाडा. पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. भोकात शेवाळ धरतं, ते टूथपिकने काढत राहा. मग मुद्दाम पंप बंद करून बघा. सम्प न सांडता सगळं मावलं, की पंप चालू असतानाच्या पातळीवर सम्पच्या काचेला मार्करने रेघ मारा. त्यावर पाणी कधीच भरू नका.

सम्पमधला फ्लॉस (गाळ अडवणारा कापसासारखा थर) आठवड्याला बदला. सिरॅमिक रिंग मात्र टाकीच्याच पाण्यात हलक्या विसळा, नळाच्या क्लोरीनने त्यांवर वाढलेले, पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू मरतात. प्लायवूडचा स्टँड आपल्या दमट हवेत फुगतो, रंगवलेला लोखंडी बरा. आणि वीज गेल्यावर माशांना हवा मिळावी म्हणून बॅटरीवर चालणारा एअरपंप जूनच्या आधीच घेऊन ठेवा.