घाटाची तयारी : थोडी ट्रेनरवर, थोडी रस्त्यावर

प्रश्न : स्मार्ट ट्रेनरवर (घरात सायकल जागीच चालवायचं, विरोध आपोआप बदलणारं यंत्र) २०० वॉटला वीस मिनिटं सहज निघतात. पण १० टक्क्यांच्या (शंभर मीटरला दहा मीटर उंचीच्या) चढावर तेवढेच वॉट काढताना पाच मिनिटांत मांड्या भरून येतात. ट्रेनर चुकीचा आकडा दाखवतोय का?

थोडाफार दाखवत असेलही, पण खरं कारण कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलच्या किती फेऱ्या होतात ते. ट्रेनरवर तुम्ही मिनिटाला ९० फेऱ्यांनी पेडल मारत असणार. चढावर गिअर संपले की फेऱ्या ६० वर येतात. वॉट तेवढेच आणि फेऱ्या कमी, म्हणजे प्रत्येक फेरीत पेडलवर लावायचा जोर थेट दीडपट. त्या जोराची सवय पायांना नसते.

दुसरं कारण फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे ट्रेनरच्या जड फिरत्या चाकात आहे. पुढे मोठी चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागे छोटं स्प्रॉकेट (मागच्या चाकाजवळचं दातेरी चक्र) असेल तर ट्रेनरचं फ्लायव्हील जोरात फिरतं. पेडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पायाला जोर लावता येत नाही, तेव्हा ते फ्लायव्हीलच पेडल पुढे नेतं. सपाट रस्त्यावर सायकलचा वेग हेच काम करतो. घाटात ताशी ८-९ किलोमीटरला ही मदत मिळत नाही. त्या क्षणी सायकल मंदावते आणि पुढच्या अर्ध्या फेरीत तिला पुन्हा ढकलावं लागतं.

म्हणून घाटाचा सराव करताना पुढे छोटी चेनरिंग आणि मागे मधल्यापेक्षा थोडं मोठं स्प्रॉकेट ठेवा. इआरजी मोडमध्ये वॉट ट्रेनर सांभाळतो, त्यामुळे गिअर बदलल्याने वॉट बदलत नाहीत. फ्लायव्हील मात्र हळू फिरतं आणि चढावरचा तो अडखळ पायांना कळू लागतो. बहुतेक जण नेमकं हेच करत नाहीत आणि मग घाटात पाय नवखे वाटतात.

आठवड्यातून एकदा असं करा. १५ मिनिटं वॉर्मअप. मग एफटीपीच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ८ मिनिटं, बसूनच, ५५ ते ६० कॅडन्सने. त्यानंतर ४ मिनिटं अगदी हलकं, ९० कॅडन्सने. असं चार वेळा. (एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारे वॉट, २० मिनिटं पूर्ण ताकदीने चालवून आलेल्या सरासरीच्या ९५ टक्के धरतात.) पहिले दोन आठवडे फक्त ५ मिनिटांचे तीन तुकडे आणि कॅडन्स ६५. हँडलवरची पकड सैल हवी. खांदे डोलायला लागले की वॉट उतरवा.

गुडघ्याच्या वाटीभोवती दुखलं तर त्या दिवशी तिथेच थांबा आणि सॅडल तपासा. पेडल तळाला असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक हवा. सॅडल खाली असेल तर बाक वाढतो आणि कमी कॅडन्सचा सगळा भार वाटीमागे जातो.

इआरजी मोडचा एक सापळाही ओळखून ठेवा. दमून कॅडन्स पडला की ठरलेले वॉट राखण्यासाठी ट्रेनर विरोध वाढवतो, त्याने कॅडन्स आणखी पडतो आणि शेवटी पेडल अडकतं. तुकडा सुरू होण्याआधी पाच-सहा सेकंद कॅडन्स थोडा चढवून घ्या. तरीही अडकलं तर झगडत बसू नका, इआरजी बंद करून पाय मोकळे करा.

राहिला आकड्यांचा प्रश्न. कॅलिब्रेशन (ट्रेनरचं मोजमाप जुळवून घेणं) ट्रेनर तापल्यावर, म्हणजे १०-१५ मिनिटं चालवल्यावर करा. थंड ट्रेनरवर केलेलं टिकत नाही. सायकलवर पॉवर मीटर असेल तर घरात आणि बाहेर तोच आकडा धरा. पेडल किंवा क्रँकवरचं मीटर ट्रेनरपेक्षा दोन-चार टक्के जास्त दाखवतं, कारण तेवढी ताकद चेन आणि डिरेलरमध्ये (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) जाते.

प्रश्न : दहा आठवड्यांनी ८ किलोमीटरचा घाट चढायचा आहे. सरासरी ८ टक्के, मध्ये १२-१४ टक्क्यांचे तुकडे. आठवड्याची मांडणी कशी करू?

सरासरीवर विसंबू नका. स्पेनमधला अँग्लिरू साडेबारा किलोमीटरचा आहे आणि सरासरी १० टक्क्यांच्या आसपास, पण वरच्या भागातला एक तुकडा २३ टक्क्यांपुढे जातो. दमछाक अशाच तुकड्यांवर होते. तयारीही त्यांचीच हवी.

कठीण दिवस आठवड्यात तीनच, आणि रविवारचा घाट त्यातच धरायचा. शनिवारी ट्रेनरवर घाम गाळून रविवारी घाट गाठणं ही नेहमीची चूक. दोन्ही दिवस अर्धवट होतात.

मंगळवारी घरात १२ मिनिटांचे तीन तुकडे करा : दोन मिनिटं एफटीपीच्या ९५ टक्क्यांवर, एक मिनिट १०५ वर, पुन्हा ९५, असं न थांबता, दोन तुकड्यांमध्ये ६ मिनिटं हलकं. चढ अचानक तीव्र होतो, मग थोडा नरमतो, तरी विश्रांती मिळत नाही, त्याचा हा सराव. असा चढ-उतार रस्त्यावर मोजून मिळत नाही, म्हणून तो ट्रेनरवरच करावा. गुरुवारी वरचा कमी कॅडन्सचा सराव. बुधवारी आणि शनिवारी ४५ मिनिटं ते तासभर, बोलता येईल इतकं हलकं. सोमवारी आणि शुक्रवारी सुट्टी. रविवारी बाहेर, घाटासह तीन तासांची फेरी. दर चौथ्या आठवड्यात एकूण वेळ तिसऱ्या हिश्श्याने कमी करा. शेवटच्या चार आठवड्यांत गुरुवारचा सराव जमेल तेव्हा खऱ्या चढावर न्या, आणि शेवटचे दहा दिवस वेळ निम्मा करा. जोराचे तुकडे ठेवा, पण छोटे.

रविवारची तीन तासांची फेरी हुकली तर ट्रेनरवर तीन तास बसू नका. ट्रेनरवर उतार नाही, वळण नाही, पाय क्षणभरही थांबत नाहीत. दोन तास पुरे.

बाहेर मात्र फक्त वॉट मोजत बसलात तर रविवार वाया गेला असं समजा. ट्रेनर शिकवत नाही ते तिथे शिका. चढ तीव्र व्हायच्या आधी, पेडलवरचा जोर क्षणभर कमी करून गिअर हलका करा. पूर्ण जोरात असताना बदलला तर चेन कुरकुरते, कधी उतरते. उभं राहण्याआधी मागे एक स्प्रॉकेट लहान करा, नाहीतर पेडल एकदम खाली जातं आणि सायकल मागे झटका देते. बसून चढताना १२ टक्क्यांपुढे सॅडलच्या टोकाकडे सरका आणि कोपर वाकवा, म्हणजे पुढचं चाक उचलत नाही. उभं असताना फार पुढे झुकलात तर ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरतं. आतल्या कडेपेक्षा वळणाची बाहेरची कड सौम्य असते, पण समोरून वाहन येत नाही हे दिसत असेल आणि तुमच्या बाजूची बाहेरची कड असेल तरच ती घ्या.

प्रश्न : ट्रेनरवर पुढचं चाक उंच ठेवल्याने फायदा होतो का?

बसण्याच्या कोनाची सवय होते : कंबर, मान, हात. जोर वाढत नाही. दोन चाकांच्या आसांमध्ये साधारण एक मीटर अंतर असतं, म्हणजे एक सेंटिमीटर उंची म्हणजे एक टक्का चढ. ८ सेंटिमीटर पुरेत. ठोकळा हलणारा नको, आणि ट्रेनरच्या पुस्तिकेत चाक उचलायला मनाई नाही ना ते आधी पाहा. झ्विफ्ट (ट्रेनरला जोडून आभासी रस्त्यांवर सायकल चालवायचं ॲप) वापरत असाल तर 'ट्रेनर डिफिकल्टी' मुळात ५० टक्के असते, म्हणजे १० टक्क्यांचा चढ पायांना पाचसारखा लागतो. घाटाच्या तयारीत ती १०० करा.

प्रश्न : ३४ दातांची चेनरिंग आणि मागे सर्वात मोठं स्प्रॉकेट २८ दातांचं. पाय बळकट करू की कॅसेट (मागच्या स्प्रॉकेटांचा संच) बदलू?

कॅसेट बदला. चालक आणि सायकल मिळून ८० किलो, चढ १२ टक्के, कॅडन्स ६० धरा. ३४-२८ वर वेग ताशी ९ किलोमीटरच्या थोडा वर राहतो आणि सुमारे २५५ वॉट लागतात. ३४-३४ वर वेग साडेसात, वॉट सुमारे २१०. ४५ वॉट सरावाने कमवायला कित्येक महिने लागतात.

आधी डिरेलर ३४ दाती स्प्रॉकेट घेतो का ते पाहा. आखूड पिंजऱ्याचे (चेन ताणून धरणारा खालचा भाग लहान असलेले) बरेच घेत नाहीत. चेन लांब लागते. जुन्याच चेनने मोठी चेनरिंग आणि मोठं स्प्रॉकेट एकत्र आलं तर डिरेलर ताणून तुटू शकतो. थेट जोडणीच्या (मागचं चाक काढून सायकल बसवायच्या) ट्रेनरवरही तसंच कॅसेट बसवा, नाहीतर दर वेळी गिअर जुळवत बसावं लागेल.

प्रश्न : घरात त्याच वॉटला नाडी दहा-बारा ठोक्यांनी जास्त असते.

उष्णता. वारा नसल्याने घाम सुकत नाही, त्वचेकडे रक्त जास्त जातं आणि हृदय वेग वाढवतं. एक मोठा पंखा समोरून छातीवर, दुसरा बाजूने, खिडकी उघडी. तासाला ५०० ते ७५० मिली पाणी, चिमूटभर मिठासह. तरीही घरातली एफटीपी कमीच येत असेल तर घरासाठी वेगळा आकडा ठेवा.

प्रश्न : मागचं चाक रोलरवर टेकणारा ट्रेनर आहे. त्याचं खास टायर लावून रविवारी बाहेर जाऊ का?

नको. त्याचं रबर उष्णता आणि घर्षण सोसायला कठीण केलेलं असतं, ओल्या रस्त्यावर आणि उतारावर पकड देत नाही. जमलं तर ते टायर एका वेगळ्या चाकावर कायमचं बसवून ठेवा, आणि चाक बदललं की ब्रेक व गिअर तपासूनच निघा.