कोल्हापुरात सोल, फंक, ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, ऐकणारी माणसं कुठं भेटतील? आणि नवख्याला पहिलं गाणं कोणतं ऐकवावं?

भेटत नाहीत. तयार करावी लागतात. मी बावीस वर्षं हे ऐकतोय, त्यातली पहिली अठरा एकट्यानं.

उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. चार लेथ, एक मिलिंग. तिथं गाणी लागतात ती कामगारांच्या आवडीची. मालक असलो तरी या बाबतीत मला कुणी विचारत नाही. एकदा दुपारी लाईट गेली. लेथ थांबले, चार्जिंगचा स्पीकर मात्र चालूच, आणि त्याला नेमका माझा मोबाईल जोडलेला. फंकचा बाप जेम्स ब्राउन, त्याचं 1967 चं 'कोल्ड स्वेट' लागलं. आमच्याकडं शिवाजी पेठेतला एक टर्नर आहे, मिरवणुकीत हलगी वाजवतो. जेवता जेवता त्याचा हात थांबला.

"मालक, ह्यो समेवर दणका देतोय आन् बाकीचं मोकळं सोडतोय की!"

पुढं ड्रमवाला एकटा सुटतो. तिथं गड्यानं डब्याचं झाकण उलटं घातलं आणि बोटांनी तो ठेका धरायला लागला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा असा बसला की मिलिंगवरचा पोरगाही मान हलवायला लागला. पहिल्या मात्रेवरच्या या जोराला ब्राउन 'द वन' म्हणायचा. मी हे अठरा वर्षं नुसतं वाचून माहीत असलेला माणूस; याला भाजी-भाकरी संपायच्या आत कळलं. मग त्याला सांगितलं, ड्रमवर आहे तो क्लाइड स्टबलफील्ड. चॅटानूगाचा, कारखान्यांच्या गावातला. कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या आवाजावर त्याचा कान तयार झाला. तर म्हणतो, "मग आपल्या पॉवर प्रेसला का नावं ठेवताय?"

तेव्हापासून गुरुवारी शिफ्ट सुटली की आम्ही पाच-सहा जण तासभर थांबतो. एवढीच आमची मंडळी. एकानंही गिटार हातात धरलेली नाही.

आता खरं दुखणं. आमचे थोरले बंधू ख्यालवाले. जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या गावात राहतो म्हणजे बाकी सगळं थिल्लर, असा त्यांचा हिशोब. एका दिवाळीला पाहुण्यांसमोर मी ब्लूजचा गिटारवाला बी. बी. किंग लावला, तो त्यांनी मध्येच बंद केला. "तीन कॉर्डांत कसलं गाणं? रडगाणं आहे हे." कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर. तेव्हा मी गप्प बसलो. आज बसत नाही. भूपात स्वर किती? पाच. तिथं कुणी मोजत नाही. बारा मात्रांचा एकताल तासभर घोळवलेला चालतो, मग ब्लूजचं बारा बारचं, म्हणजे बारा मापांचं, आवर्तन का खुपतं? बी. बी. किंग तार ओढून कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेवर जाऊन थांबतो, तीच जागा गळ्यातून आली की हे "वाहवा" म्हणणार. रडगाणं असेल तर असू दे. आपल्या विराण्या काय हसत गातात?

पहिल्या गाण्याचं विचारलंत. समोरचा ठेक्याचा माणूस असेल तर ब्राउन. नसेल तर सोल गायक बिल विदर्स, 'एन्ट नो सनशाईन', 1971. दोन मिनिटांचं गाणं आहे. मध्ये तो "आय नो" 26 वेळा म्हणतो. तिथं खरं तर पुढं ओळी लिहायचा विचार होता, सोबतचे वादक म्हणाले, असंच राहू दे. विदर्स तेव्हा विमानाचे भाग करणाऱ्या कारखान्यात कामाला होता. त्याच्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर तो कारखान्याबाहेर जेवणाचा डबा हातात घेऊन उभा आहे. रेकॉर्ड निघाली तरी नोकरी सोडायची त्याची तयारी नव्हती. हा फोटो मी शॉपमध्ये दाखवला, त्यानंतर इंग्लिश कळत नसल्याची तक्रार कुणी केली नाही. ब्लूज मात्र पहिल्या दिवशी नको. तो तिसऱ्या-चौथ्या बैठकीला, माणूस टिकला तर.

आणि हो, मोबाईलच्या स्पीकरवर यातलं काहीही ऐकवू नका. बेस ऐकूच येत नाही, नुसती चिरचिर राहते. दिवाळीला बंधूंना मी मोबाईलवरच ऐकवलं होतं. तेवढी चूक माझी.