नागपुरात जुनी पिकअप शोधताना आणि तिचा भाव ठरवताना

तुम्ही विचारलंय की नागपुरात राहून जुनी महिंद्रा किंवा टाटाची पिकअप मूळ रूपात उभी करायची असेल, तर ती शोधायची कुठे आणि पैसे किती द्यायचे. मला विचाराल तर भाव कागदाचा आणि चेसिसचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा, करा, इंजिनाचा करू नका. विकणारा पहिल्याच मिनिटाला बोनेट उघडून "ऐका, एका सेल्फमध्ये चालू" म्हणतो आणि घेणारा तिथेच विरघळतो. महिंद्राचं 2112 सीसीचं प्यूजो डिझेल बांधून देणारे मिस्त्री आपल्याकडे आजही आहेत. कुजलेला चेसिस आणि बुडालेली नोंदणी मात्र कोणी बांधून देत नाही.

शोधायला मोबाइलवरच्या जाहिरातींपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथल्या बऱ्याच गाड्या दलालाच्या हातातून गेलेल्या असतात आणि रंग ताजा असतो. खरी गाडी गावात उभी असते. काटोल-नरखेडची संत्री कळमन्याला आणलेली, भिवापूरची मिरची वाहिलेली गाडी बगीच्यात, गोठ्यामागे नाहीतर राइस मिलच्या आवारात सापडते. तिचा पत्ता कोणाला ठाऊक असतो? डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करणाऱ्याला. जुनी डिझेल गाडी कधी ना कधी त्याच्या टेबलावर येतेच. त्याच्याकडे चहाला बसा, मग अमरावती रोडवर वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे विचारा. मालकाला पहिल्याच भेटीत आकडा विचारू नका. गाडीने काय काय वाहिलं ते विचारा, कारण भावाची अर्धी गोष्ट त्यात आहे. विटा आणि रेती वाहिलेल्या गाडीचा चेसिस मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ तडकलेला असतो. कोळसा खदानीत राबलेल्या गाडीच्या कानाकोपऱ्यात धूळ ओल धरून बसते आणि पत्रा आतून खाते. संत्र्याच्या क्रेट वाहिलेली गाडी त्यामानाने सुखात राहिलेली असते.

आपल्या कोरड्या हवेचा फायदाही आहे. कोकणातल्या गाडीचा तळ जितका सडतो तितका इथला सडत नाही. पण 45 अंशांच्या उन्हाळ्यांनी रबर, होस आणि वायरिंगची आवरणं संपलेली असतात. तो खर्च धरूनच चला.

पाहणीला जाताना फडक्यात गुंडाळलेलं चुंबक न्या. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. हौद्याचा पत्रा नवा वाकवून घेता येतो, त्यावर हुज्जत घालू नका. केबिनचे खांब, दाराच्या चौकटी, काचेची फ्रेम, ग्रिल, डॅशबोर्ड, मीटर, हँडल हे सगळं जागेवर आहे का ते बघा. काय काय नाही याची यादी तिथेच लिहा. एखादं मूळ मीटर शोधण्यात जेवढे दिवस जातात, तेवढ्यात इंजिन बांधून होतं.

आता कागद. आरसीवर 'क्लास' काय आहे ते आधी वाचा. पिकअप सहसा मालवाहू म्हणून नोंदलेली असते, म्हणजे फिटनेस लागतो, आणि जुन्या गाडीला तो दर वर्षी. एकूण भारित वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर परमिटमधून सूट आहे. पर्यावरण कर थकलाय का, फायनान्सचा बोजा उतरलाय का, नोंद सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत चढली आहे का, हे एमएच-31, एमएच-40 किंवा एमएच-49, ज्या आरटीओ कार्यालयाची गाडी असेल तिथे विचारा. चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घेऊन आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. मालक वारला असेल तर आधी वारसांच्या नावावर फॉर्म 31 ने होऊ द्या, मग तुमच्या नावावर 29 आणि 30. छिंदवाडा-शिवनीकडची गाडी स्वस्त वाटते, पण तिला तिकडची एनओसी, इथला कर आणि नवा नंबर लागतो.

50 वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज नोंदणी मिळते हे तुम्ही ऐकलं असेल. 2021 चा तो नियम दुचाकी आणि खासगी प्रवासी चारचाकींपुरता आहे. मालवाहू म्हणून नोंदलेली पिकअप त्यात बसत नाही. तो आकडा सांगून कोणी भाव चढवत असेल तर ऐकू नका. तसंच सरकारी लिलावाचं. 15 वर्षांवरच्या सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांच्या गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून संपते आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच जायला हव्यात. त्याआधी लिलावात सुटून खासगी नावावर चढलेली गाडी असेल तरच पुढे बोला.

भाव उलट्या टोकाकडून काढा. समजा, तशीच गाडी तयार होऊन, कागदांसह बाजारात 4,00,000 ला जाते. पत्रा, इंजिन, रंग, सीट मिळून काम 2,60,000 चं निघालं. त्यावर चौथा हिस्सा, म्हणजे 65,000, खोलल्यावर निघणाऱ्या कामासाठी ठेवा, ते निघतंच. उरले 75,000, ही तुमची वरची हद्द. खालची हद्द भंगाराची: 1,200 किलो वजन आणि 30 रुपये किलो धरले तर 36,000. हे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेत, तुम्ही त्या आठवड्याचे खरे भाव टाका. कागद नसतील तर भंगाराची किंमत हीच वरची हद्द, मग ती गाडी फक्त सुट्या भागांसाठी घ्यायची.

पहिल्यांदाच करत असाल तर माझा कौल 'टाटा मोबाइल' या पिकअपला. 1988 साली आलेल्या या गाडीच्या पायावरच पुढे सिएरा, इस्टेट आणि सुमो उभ्या राहिल्या, आणि 1948 सीसीचं डिझेल इंजिन सुरुवातीच्या सुमोतही होतं. त्यामुळे यांत्रिक भाग जमतात. महिंद्राची सपाट तोंडाची एफसी (फॉरवर्ड कंट्रोल) मला स्वतःला फार आवडते, अशा गाड्या वाचायलाच हव्यात, पण तिच्या केबिनचे भाग मिळवायला चिकाटी लागते. हरियाणातल्या डबवालीकडून आलेली चकचकीत जीप बघायला मिळाली तर लक्षात ठेवा, तिथे नव्या पत्र्याची बॉडी जुन्या कागदांवर बांधण्याचा मोठा धंदा आहे. आणि 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मूळ रचनेत बदल केलेली गाडी नोंदणीत अडकते.

इसार छोटा द्या आणि पावतीवर लिहून घ्या की नाव चढलं नाही तर पैसे परत. ताबा घेताना तारखेसोबत वेळही लिहा, म्हणजे त्याआधीचं चलान किंवा अपघात तुमच्या गळ्यात पडणार नाही.