एमप्रो बिघडलेलं नाही, बंद पडलंय

तुमची एमप्रोवरची पोस्ट वाचून जुनं दुखणं आठवलं. शुद्ध केलेलं सार्स-कोव्ह-२चं एमप्रो (विषाणूचं प्रथिनं कापणारं मुख्य एन्झाइम) फ्रिजमध्ये दोन दिवसांत मंदावतं, ताजं डीटीटी (ऑक्सिडेशन उलटवणारं रसायन) घातलं की पुन्हा पळतं, आणि त्याला रोखणारे तुमचे 'हिट', म्हणजे चाचणीत सापडलेली संयुगं, डीटीटीत गायब होतात, हेच ना? प्रथिन सडलं असतं तर परतलं नसतं.

एमप्रोच्या ३०६ अमिनो आम्लांत १२ सिस्टीन (गंधक असलेली, सहज ऑक्सिडाइझ होणारी) आहेत, आणि हे एन्झाइम दोन रेणूंच्या जोडीनेच चालतं. ३००व्या जागेवरच्या सिस्टीनला (सिस्टीन ३००) ग्लुटाथिओन, म्हणजे पेशीतला गंधकयुक्त छोटा रेणू, चिकटलं की जोडी सुटते. सिस्टीन १४५ तर थेट कापण्याच्या जागी बसलंय. एचआयव्हीच्या प्रोटिएझमध्येही (तसंच प्रथिनं कापणारं एन्झाइम) सिस्टीन ९५ वर ग्लुटाथिओन बसलं की काम थांबतं, ग्लुटारेडॉक्सिन या एन्झाइमने ते काढलं की सुरू. पण सिस्टीन ६७ वर बसलं तर काम थांबत नाही, उलट वाढतं. तुमच्या नळीत ग्लुटाथिओन नसेलच. तिथे सिस्टीन ऑक्सिडाइझ करायला हवेतला ऑक्सिजन पुरतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे रात्रभरच्या डायलिसिसमध्ये (पडद्यातून प्रथिनाचं बफर बदलताना) डीटीटी आहे म्हणून निर्धास्त झोपणं. २० अंशांवर पीएच ८.५ ला त्याचं अर्धायुष्य दीड तासाच्या आसपास, ७.५ ला सुमारे १० तास. थंडीत जास्त टिकतं, पण सकाळी किती उरलंय याची खात्री नाही. वर ऑक्सिडाइझ झालेलं डीटीटी २८० नॅनोमीटरला शोषतं, म्हणजे प्रथिन जास्त भासतं आणि मिलिग्रॅममागची सक्रियता कागदावरच पडते. ब्लँक, म्हणजे तुलनेचा प्रथिनाविना नमुना, म्हणून डायलिसिसचंच बफर घ्या, ताजं नको. (पावडरही तपासा. आमच्या खरेदी विभागात ती तीन आठवडे उकाड्यात पडून होती, आणि उत्तर काय, तर 'सील शाबूत आहे ना?')

डीटीटीच्या १ मोलर द्रावणाचे छोटे भाग करून उणे २० ला ठेवा, एकदा उघडलेला टाकून द्या. डीटीटीऐवजी टीसीईपी (तशाच कामाचं दुसरं रसायन) वापरणार असाल तर आधी पीएच जुळवा, ते द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं. आणि त्याच्यासोबत फॉस्फेट बफर टाळा.

तुमचे 'हिट' डीटीटीत गायब होतात, याचं मला नवल नाही. सिस्टीनला चिकटणाऱ्या एब्सेलेन, डायसल्फिराम या संयुगांचंही तसंच होतं. प्रत्येक हिट १ मिलिमोलर डीटीटीसह आणि त्याशिवाय, दोन्हीकडे चालवा. माझं मत कडक वाटेल, पण पेशीत ग्लुटाथिओन मिलिमोलरमध्ये असतं, त्यामुळे नुसता डीटीटीविना मिळालेला हिट मी धरत नाही. तुमचं लक्ष्य वेगळं असेल तर माझं मत सोडून द्या.

मास स्पेक्ट्रोमेट्रीला (रेणूचं वस्तुमान मोजायला) नमुना डीटीटीशिवाय द्या. वस्तुमान ३०५ डाल्टनने वाढलेलं दिसलं म्हणजे ग्लुटाथिओन. एखाद्या सिस्टीनवर अधिक ३२ किंवा ४८ दिसलं, म्हणजे दोन किंवा तीन ऑक्सिजन बसले, तर ते डीटीटीने परत येत नाही; ती बॅच टाका.