अमेरिकेची चौकी अबू धाबीत

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमची मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते. तिच्या बाळंतपणाची जानेवारीतली तारीख आहे, म्हणून डिसेंबरात मी एकटीच निघतेय, मार्चअखेर परत. ह्यांना येता येणार नाही. मोहराचे दिवस, फवारण्या कुणावर टाकून निघणार? व्हिसा दहा वर्षांचा मिळालाय. तिकीट मुंबई-अबू धाबी-न्यूयॉर्क. मी नववी शिकलेय. इंग्रजी पाट्या वाचता येतात, पण समोरचा फाडफाड बोलायला लागला की माझं डोकं बंद पडतं. शेजारणीच्या बहिणीला म्हणे वेगळ्या खोलीत बसवून ठेवलं होतं. काय काय विचारतात? जावई म्हणतात, अडलं तर फोन करा, मी न्यूयॉर्कला बाहेरच उभा असेन. आणि डिंकाचे लाडू, गोडा मसाला, मेतकूट नेलं तर चालेल का? वय ५८, गुडघे दुखतात.
— एक वाचक, देवरुख

उत्तर : वहिनी, जावयांना सांगा की न्यूयॉर्कला तुमचं काही अडायचंच नाही. जे व्हायचं ते अबू धाबीत होऊन गेलेलं असेल. तिथल्या विमानतळावर २०१४पासून अमेरिकेचं स्वतःचं इमिग्रेशन आणि कस्टम बसतं. अमेरिकेच्या विमानात चढण्याआधीच गणवेशातले अमेरिकन अधिकारी पासपोर्ट बघतात, ठसे घेतात, प्रश्न विचारतात. मग न्यूयॉर्कला तुम्ही मुंबईहून नागपूरला उतरल्यासारख्या उतरता: पट्ट्यावरून बॅग घ्यायची आणि बाहेर. हे ठाऊक नसल्यामुळे अबू धाबीत लोक दुकानं बघत फिरतात आणि ऐनवेळी धावतात. तुम्ही उतरल्या उतरल्या थेट तिकडेच जा. तिथे सामानाची नि अंगाची तपासणी पुन्हा एकदा होते, बूटसुद्धा काढायला लावू शकतात, मग इमिग्रेशनची रांग. दोन विमानांमध्ये दोन तासांहून कमी वेळ असेल तर मुलीला आजच तिकीट बदलून घ्यायला सांगा.

आणि फोनचं म्हणाल, तर त्या रांगेत फोन वापरू देत नाहीत. मुलीचा पूर्ण पत्ता, तिचा आणि जावयांचा नंबर, परतीचं तिकीट हे सगळं कागदावर घ्या. पिशवीच्या तळाशी नको, पासपोर्टबरोबर हातात.

व्हीलचेअर मागा. विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवायचं, पैसे पडत नाहीत. धडधाकट माणसं केवळ रांग चुकवायला खुर्चीत बसतात ते मला मुळीच पटत नाही, पण तुमचे गुडघे खरोखर दुखतात आणि तुम्ही एकट्या आहात. खुर्ची ढकलणारा माणूस तुम्हाला बरोबर त्या दारापर्यंत नेतो, हा त्यातला मोठा फायदा.

मुंबईचं फारसं काही नाही. आपला अधिकारी कुठे चाललात विचारेल, व्हिसा बघेल, शिक्का मारेल. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर जी ‘ईसीआर’ची नोंद असते तिची धास्ती तुम्हाला नको, ती ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, आणि पन्नाशी ओलांडल्यावर तीही भानगड उरत नाही.

आता प्रश्नांकडे वळू. दादरला तिकीट-व्हिसाच्या काउंटरवर माझी उमेदीची वर्षं गेली. परत आलेले आईवडील पेढे घेऊन यायचे आणि तिथे काय झालं ते सांगत बसायचे. त्या सगळ्यांच्या गोष्टीत फिरून फिरून तेच तीन प्रश्न: कुणाकडे, किती दिवस, परत कधी. कधी जोडीला मुलगी काय करते, पैसे किती आणलेत. इंग्रजीची परीक्षा घ्यायला तो माणूस तिथे बसलेला नसतो. ही बाई ठरल्या दिवशी घरी परत जाणार का, एवढंच त्याला ताडायचं असतं. म्हणून ‘व्हिझिट डॉटर, एडिसन’ आणि परतीच्या तिकिटावरच्या तारखेवर बोट, यात तुमचं निम्मं काम होतं. पुढचं नाही कळलं तर ‘नो इंग्लिश, मराठी’ किंवा ‘हिंदी’ म्हणा, ते दुभाष्याची सोय करतात. न समजलेल्या प्रश्नाला मान हलवून ‘येस येस’ मात्र करू नका. माणसं अडकतात ती तिथे.

मुलीला दिवस गेलेत हे लपवू नका. विचारलं तर सरळ सांगा. पण ‘बाळ सांभाळायला चाललेय’ असं घोकूनही जाऊ नका. व्हिजिटर व्हिसावर काम करायला बंदी आहे, आणि परक्या अधिकाऱ्याला ते बिनपगारी आया आणल्यासारखं वाटू शकतं. तुम्ही लेकीला भेटायला चाललाय, नातवंडाचं तोंड बघून मार्चमध्ये घरी परतताय. खरंही तेच आहे. आंब्याची बाग आहे, तोडणीच्या आधी पोचायचंय, हेसुद्धा सांगायला हरकत नाही. त्याहून पक्कं परत यायचं कारण कुठलं असणार!

ठसे घेताना तो आधी चार बोटं ठेवायला सांगेल, मग अंगठा, दोन्ही हातांचे. भांडी घासून, काजू सोलून आपल्याकडच्या बायकांची बोटं गुळगुळीत होतात आणि मशीन ती पटकन ओळखत नाही. हात रुमालाला पुसायचे, पुन्हा दाबून ठेवायचे, तो म्हणेपर्यंत उचलायचे नाहीत. फोटोसाठी चश्मा काढायला लागतो.

शेजारणीच्या बहिणीला बसवलं त्या खोलीचा बाऊ नको. नाव दुसऱ्या कुणाशी जुळलं, एखाद्या उत्तराची खातरजमा करायची राहिली, ठसे नीट आले नाहीत, कशाहीसाठी तिकडे पाठवतात. ती अटक नव्हे. नाव पुकारेपर्यंत बसून राहायचं.

राहता राहिले लाडू, आणि तुमच्या पत्रातली मला खरी काळजी वाटली ती इथेच. डिंकाच्या लाडवात आपण खसखस घालतो. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला सक्त बंदी आहे, अमली पदार्थात धरतात, आणि तुम्ही जाताय त्यांच्याच भूमीवरून. तेव्हा यंदाचे लाडू बिनखसखशीचे करा. खारीक-खोबरं थोडं जास्त घाला, लेकीला कळणारही नाही. गोडा मसालाही घरच्या कृतीत खसखस असेल तर ती वगळून वेगळा कुटा.

अमेरिकेच्या बाजूने नियम असा की खाण्याचं जे जे असेल ते विचारल्यावर सांगायचं. ‘फूड?’ म्हटलं की ‘येस’, आणि नावं घ्यायची: स्वीट्स, मसाला, पिकल. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर फार तर काढून टाकतात, दंड नाही. लपवलेली सापडली तर पहिल्यांदाच १,००० डॉलरपर्यंत दंड लावू शकतात. ताजा कढीपत्ता, फळं, मटण-चिकनचं काहीही आणि तांदूळ घ्यायचेच नाहीत. तांदूळ आपल्याकडच्या धान्यातल्या किडीमुळे बंद आहेत. एडिसनला हवे तेवढे मिळतात. मेतकुटात भाजून दळलेली धान्यं-डाळी असतात, ते पाकीटबंद असेल तर डोकेदुखी कमी. औषधं मूळ पट्टीतच ठेवा, डब्यात सुटी भरू नका, आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या.

शेवटी त्या दहा वर्षांबद्दल. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं दार वाजवायची मुभा. आत किती राहायचं ते दर खेपेला तो अधिकारीच ठरवतो, बहुतेकांना सहा महिने मिळतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी पासपोर्टवर शिक्काही मारत नाहीत. तारीख ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत असते आणि ती त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येते. त्या तारखेच्या पुढे एक दिवस जरी राहिलात तरी हा दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो. तुम्ही पोचलात की जावयांना त्याच आठवड्यात ती नोंद काढून छापायला सांगा. नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारीख तिघांनी मिळून तपासा. चूक दिसली तर ती तिथे असतानाच दुरुस्त करून घेता येते.