ट्यूब चालू राहू दे

प्रिय मित्रा,

तुरुंगातून सुटून घरी आलेल्या माणसाची तुझी पटकथा काल रात्री एका बैठकीत वाचली. सुरुवातीची बारा पानं काढून टाक. गुन्हा, कोर्ट, बरॅकीतली मारामारी, हे लोकांनी खूप पाहिलंय. शिवाय तुरुंगाचा सेट लावायला तुझ्याकडे पैसे कुठे आहेत? तुझा माणूस दांडेकर पुलाजवळच्या त्या खोलीत शिरतो ना, तिथून सुरू कर.

गेटबाहेर तो माती कपाळाला लावतो, तेही नको. माझ्या पहिल्या लघुपटात मी हेच केलं होतं. येरवड्यातून सुटलेल्या एका गृहस्थांना तो दाखवला, तर म्हणाले, "साहेब, मला तर आधी लघवीला जायचं होतं."

मग त्यांच्याशी चहावर तासभर बोललो. बरॅकीत रात्रभर दिवा चालू असतो, पहाऱ्यावरच्याला माणसं दिसायला हवीत म्हणून. चौदा वर्षं उजेडात झोपलेल्या या माणसाला घरी अंधारात झोप येईना, बायकोला उजेडात येईना. आठवडाभर हा ट्यूब लावायचा, ती उठून घालवायची, आणि दोघांत चकार शब्द नाही. शेवटी एका रात्री ती डोळ्यांवर पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. ट्यूब चालूच. तुझ्या नवरा-बायकोचं सहा पानी भांडण मला या पदरापुढे फिकं वाटतं.

आता चुका. 2010 साली आत गेलेला माणूस 2024 मध्ये बाहेर येऊन खिशातून हजाराची जुनी नोट काढतो. कशी काढेल? आत जाताना अंगावरची रोकड काढून घेऊन त्याच्या नावावर जमा करतात. पण नोट फेकू नकोस, आईकडे दे. पोरगा सुटला की लागतील म्हणून तिने ट्रंकेत कागदाखाली चार नोटा दडवल्यात. 2016 च्या नोव्हेंबरात रांगा लागल्या तेव्हाही कुणाला सांगितलं नाही, कारण सुनेने त्या घरखर्चाला घेतल्या असत्या. आता ती त्या त्याच्या हातावर ठेवते. त्याने काय करावं ते तू ठरव. मी असतो तर त्याला नुसत्या मोजायला लावल्या असत्या.

दुसरी चूक मेट्रोची. तो जूनमध्ये सुटतो, आणि येरवडा स्टेशन सुरू झालं 21 ऑगस्ट 2024 ला. रामवाडीपर्यंतच्या गाड्या मात्र मार्चपासून धावत होत्या. म्हणजे नगर रोडवर गाडी त्याच्या डोक्यावरून न थांबता जाते. फुकटात मिळालेला शॉट आहे, घे.

खलनायक म्हणून तो सोसायटीचा सेक्रेटरी ठेवलायस, तो फार मिशा पिळतो. वॉचमनच्या नोकरीला पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो, तेवढं पुरे. समोरचा बाबा चांगला असू दे, चहा पाजणारा. "तुमचं काम पाहिलं हो, पण कागद लागतो," एवढंच म्हणू दे.

रविवारी नवा खर्डा घेऊन ये. आणि खोलीसाठी ट्यूब जुनीच शोध, चोक गुणगुणणारी. तो आवाज नंतर चिकटवू नकोस, तिथेच रात्री दोनला रेकॉर्ड कर.

तुझा,
सर